काट्यावर

पुण्याहून आणली मुनीरशेठनं,
दोन मालक झालेली मासेराती.
निळी. नाकावर त्रिशूळ.
जालन्याच्या एमआयडीसीत, आमच्या भंगाराच्या फाटकापाशी
पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून बसली.
चौघांनी फळ्या लावल्या, तवा आत आली.

शेठ म्हणाले, आधी काट्यावर घे.
म्हटलं, कामून शेठ?
म्हणाले, सवय.

एकोणीसशे चाळीस किलो,
त्यात शेठ ब्याऐंशी.
आजच्या भावानं किती होतात
ते मला तोंडपाठ. बोललो नाही.
त्यांनाही तोंडपाठ होतं.

मग त्यांनी जागेवरच पाय दाबला.
पत्र्याच्या ढिगावरची कबुतरं उडाली,
गॅस कटरवाल्या शेषरावनं काळा चष्मा वर केला
आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

तीस वर्षं गाड्या येतात इथं,
टोचनावर, क्रेनच्या हुकाला, ट्रकात उलट्या.
स्वतःच्या पायानं आलेली ही पहिलीच,
म्हणजे, फळ्या सोडल्या तर.

पावती फाडू का? मी विचारलं.
शेठनं काच खाली केली.
फाड, म्हणाले,
फक्त मालाच्या रकान्यात
काही लिहू नको.