रेघ

जुफैरच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे,
धोबी आणि शोरमावाला यांच्या मध्ये.
तळावरचे लोक येतात, बाहीवरचे बिल्ले शिवून घ्यायला.
एकाचे दीड दिनार.
शंभराच्या वर असतील तर सव्वा.

मोहीम निघाली हे मला बातम्यांत कळत नाही.
काळा दोरा संपायला लागतो.

पहिल्या वर्षी हॉलिस नावाचा लेफ्टनंट नक्षी घेऊन आला.
गरुड, पंजात साप, आणि खाली एक शब्द:
समूळ.
हे उद्दिष्ट, तो म्हणाला,
आणि मुठीनं हवेतून काहीतरी उपटून दाखवलं.
कडेनं एकवीस झेंडे.
नखाएवढ्या जागेत
लाल-पांढरे सगळे देश सारखेच दिसायला लागले.

पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा.
साप राहू दे, शब्द बदल.
आता खच्चीकरण.
त्याच्या पुढच्या वर्षी, आटोक्यात.
झेंडे चौदा.
गेलेल्या सातांची जागा उघडी दिसत होती,
म्हणून मी दोन तलवारी सुचवल्या.
पुढं ऐकलं, त्या तलवारींच्या अर्थावर
एका मोठ्या साहेबानं तासभर भाषण केलं.

साप मात्र दर वर्षी एक टाका लांब होतो.
चूक माझीच.
मूळ कागद कधीच हरवला,
मी मागच्या बिल्ल्यावरूनच पुढचा काढतो.

खेडहून नसीमा विचारते, तिकडं लढाई आहे का?
नाही गं, इथं नुसती शिवण.
लढाई इथून उडते, उतरते दुसरीकडं.
रात्री दोनला काच थरथरते
आणि डब्यातल्या बॉबिनी एकमेकींना लागतात,
तेवढंच.

मधे एक म्हातारा आला होता, फुराताकाठचा.
मुलाचा कोट रफू करायचा होता.
खांद्यापाशी भोक, करंगळी जाईल एवढं,
कडा करपलेल्या.
कुणाची गोळी, हे विचारायची रीत नाही.
त्यानंच सांगितलं,
त्या आठवड्यात आम्हाला सोडवायला तीन जण आले होते.
अर्धा दिनार घेतला.
घेतला नसता तर कोट तसाच परत गेला असता.

आमच्याकडं म्हण आहे, फाटलेल्या आभाळाची आणि ठिगळाची.
वर्दीवाल्यांना ती कधी सांगितली नाही.
ठिगळ आणि बिल्ला, त्यांच्या भाषेत एकच शब्द.
उगाच गैरसमज.

काल नवी कमांडर आली, व्हिटेकर.
शब्द नको, म्हणाली. साल घाल.
सुरुवातीचं साल, मग आडवी रेघ.
मग?
मोकळं सोड.
किती? चार आकडे बसतील एवढं?

ती कागदाकडं बघत राहिली.
माझ्या थोरलीच्या वयाची असेल,
डोळ्यांखाली तशीच जागरणं.
तुला काय वाटतं? तिनं विचारलं.

अठ्ठावीस वर्षांत एकाही वर्दीनं
मला हे विचारलं नव्हतं.
आणि मी काय बोललो,
तर म्हटलं, बाईसाहेब, रेघ जरा लांब घेऊ.
भाव अक्षराचाच पडेल.

अडीचशे नग आहेत, गुरुवारी द्यायचेत.
आकडे मशीन आपणहून काढतं.
रेघ आली की मी जवळ उभा राहतो,
कापडाच्या कडेशी सुई
हातानं थांबवावी लागते.