जागलीची कॉफी

अठरा ग्रॅम बिया. घरूनच मोजून आणतो,
झाकणाच्या डबीत, डबीवर तारीख.
मीटर वाचायची नोकरी, आकड्यांशिवाय हात रिकामा वाटतो.
बिया चिखलदऱ्याच्या, भाजलेल्या अकोल्यात,
आमच्या गच्चीवर, बायको माहेरी असताना.

जंगलात जाळ करायचा नाही, हे नाक्यावरच बजावलेलं.
म्हणून दिवसभर कॉफी पाठीवर नुसती खुळखुळत राहिली.
सागाची वाळकी पानं इतकी मोठ्यानं मोडत होती
की मी आलोय हे सगळ्यांना कळलं असणार,
मला मात्र कोणीच दिसलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा जंगल संपलं, हरभरा सुरू झाला.
खाली सिपना, पौषातली, पातळ,
दगडांशी हळू आवाजात काहीतरी बोलणारी.
धुऱ्यावर माळा. माळ्याखाली इस्तो.
इस्त्यापाशी घोंगडं पांघरून मुंगीलाल जांबेकर,
पुढ्यात टिनाचा रिकामा पिपा आणि एक दांडकं.
"बसा जी," म्हणाला. कोण, कुठले, काही नाही.

मी सामान मांडलं:
हातचक्की, गाळणीचे कागद, लांब चोचीची किटली.
थर्मामीटर निघाला तसा तो पुढे सरकला.
"ताप कोनाले हाय?"
"पाण्याले," मी म्हणालो.
त्यानं मान हलवली, जणू असंही असू शकतं.

पऱ्हाटी एकदम भडकते आणि तेवढ्याच घाईनं हात झटकते.
माझी किटली काळी झाली, पाणी कोमटच.
मग माझ्याकडे न बघता त्यानं दोन काड्या मागे ओढल्या,
सागाचा एक बुंधा आत लोटला,
आणि किटलीकडे कान केला.
बराच वेळ.
"आता बोली बदलली," तो म्हणाला.
थर्मामीटरवर ब्याण्णव.
मी आकडा वाचून दाखवला नाही.

पहिली धार पडली तशी पूड फुगली,
भाकरीसारखी, आणि उसासा टाकून बसली.
मी थांबलो.
"काहून थांबले?"
"श्वास घेऊन राहिली."
"मंग घेऊ द्या."
आम्ही दोघंही तिच्यासाठी थांबलो, तीस सेकंद,
लांबून कुठून तरी भेकर ओरडलं.

साखर नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला, पण प्यायला.
"संत्र्याच्या सालीचा वास येतो ना?" मी विचारलं,
परीक्षेत शेजाऱ्याला विचारावं तसं.
त्यानं घोट तोंडात फिरवला, वर बघितलं.
"भाजल्या मोहाचा येते."
माझ्या वहीत चवींचं एक पान आहे.
त्यात मोह नव्हता.

"यानं झोप जाते म्हनतेत?"
"जाते."
"मंग बरं हाय. चवथी रात होय जागलीची,
काल तर डुकरं पार माळ्याखालून गेली."
म्हणून उरलेला पेलाही मी त्यालाच ओतला.
तो प्यायला, पेला नदीच्या वाळूनं घासून आणून ठेवला,
माळ्यावर चढला,
आणि मी दुसऱ्या वाफेची डबी उघडेपर्यंत
घोरायला लागला.

आता रात्रीचे तीन.
माझे डोळे टक्क.
अंगावर त्याचं घोंगडं, धुराच्या वासाचं,
मांडीवर टिनाचा पिपा.
कुठे खसपसलं की मी दांडकं हाणतो: एक, दोन, चार.
वर माळ्यावर तो नुसता कूस बदलतो.
अकरा वेळा वाजवला आतापर्यंत. मोजतोय, दुसरं काय करणार.

पेल्याच्या तळाशी एक घोट राहिलेला, बर्फासारखा गार.
तो घेतला, आणि तिला खरंच आली
संत्र्याची साल, अगदी नखानं सोलल्यासारखी,
आणि तिच्यामागून, जराशा उशिरानं, मोह.

हे सांगायला कोणी जागं नव्हतं.
हरभऱ्यात पुन्हा काहीतरी हललं.