ब्लॉकला तीन इंची भोक

कागदात लिहिलंय तसंच करायचं.
जुनं इंजिन आधी चालू दाखवायचं,
मग बंद करून, उतरवून
ब्लॉकला भोक पाडायचं,
तीन इंची, कमी चालणार नाही.
नंबर दिसेल असा फोटो.
मग अनुदान.

चौगुले मॅडम स्कूटीवरनं आल्या उद्यमनगरात,
तोंडाला ओढणी, बगलेत फाईल.
शिकलगार मिस्त्री तुम्हीच का?
मी हात पुसले. पुसून काही फरक पडत नाही,
पण पाहुण्यासमोर पुसायचे असतात.

ट्रक अण्णाप्पा मगदूमचा, दहा चाकी.
शिरोलीच्या फाउंड्र्यांना वाळू, परतीला गुळाच्या ढेपा,
एकोणीस वर्षं.
हा ब्लॉक मी चार वेळा बोअर केलाय.
करूळच्या घाटात गॅसकेट उडालं त्या रात्री
दुधाच्या टेम्पोत बसून गेलो होतो,
नवं गॅसकेट मांडीवर आडवं धरून,
वाकू नये म्हणून.

अण्णाप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आला,
लेकीच्या बोलणीला जावं तसा.
किल्ली त्यानंच फिरवली.
मागच्या भिंतीवर नेहमीच्या जागी काळं बसलं.
शेजारच्या लेथवरल्या पोरानं नेहमीची शिवी दिली.
मॅडमनी ओढणी नाकावर घेतली
आणि मोबाईल वर धरला.
दोन मिनिटांचा व्हिडिओ, नियमाप्रमाणं.

तिसरा सिलिंडर जरा आळशी.
टॅपेट सैल.
माझा हात पान्याकडं गेला.
मुबीन म्हणाला, अब्बा, आता कशाला?

दुपारी ब्लॉक बाकड्यावर घेतला.
नंबरावर खडू घासला, आकडे पांढरे उठले.
ड्रिल मुबीनच्या हातात दिली.
पुण्याला जाऊन नव्या इंजिनाचं शिकून आलाय तो,
वायर लावतो, लॅपटॉपवर ताप बघतो.
ड्रिल त्यानं परत दिली.
तुम्हीच पाडा.

बीड चिवट. पहिल्या होलसॉचे दात गेले.
दुसरा लावला.
काळी भुकटी बुटावर, बिडाचा तो वास,
आणि खोकला मधीच, म्हणून थांबलो.
गेल्या साली सीपीआरमध्ये छातीचा फोटो काढला होता.
डॉक्टरनं पेनानं दाखवलं, इथनं इथपर्यंत.
मी मिस्त्री माणूस, नजरेनं मोजलं.
अडीच असेल. तीन नाही.

पैसे कधी यायचे? अण्णाप्पानं विचारलं.
निम्मे योजनेचे, निम्मे पतसंस्थेचे,
संस्थेचा हप्ता पुढच्या पाच तारखेपासनंच.
मॅडम म्हणाल्या, वरनं आले की लगेच.
वरनं म्हंजे, जोतिबाच्या डोंगरावरनं?
मॅडम हसल्या. खरं हसल्या.
मग फाईलवर सही घेतली, तीन ठिकाणी.

चकती पडली ती गरम होती.
अण्णाप्पानं या हातावरनं त्या हातावर घेतली,
निवली तशी खिशात टाकली.
इस्त्रीचा खिसा खाली ओढला गेला.
चार पावलं जाऊन परत आला,
माझ्या बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवली.
राहू दे हितंच. वाऱ्यानं उडतात तुझी बिलं.
उधारीची निम्मी त्याचीच आहेत.

नवं इंजिन बसायला आठ दिवस लागले.
नवव्या दिवशी अण्णाप्पा वर चढला, किल्ली फिरवली.
ऐकत राहिला.
परत फिरवली, स्टार्टर करकरला.
परत फिरवली.
मी खालनं ओरडलो,
अण्णाप्पा, चालूच हाय की ती!
त्यानं हात किल्लीवरनं उचलला
आणि स्टिअरिंगवर ठेवला, तळवा सपाट,
थरथर लागते का बघत.

पहिलं भाडं जवळचंच होतं.
जुना ब्लॉक, भोकासकट, दोर बांधून मागं टाकला,
शिरोलीला, भट्टीत.
गाडी निघाली तसा शेजारचा पोरगा
शिवी देऊन मोकळा झाला,
मग लेथ बंद करून भिंतीकडं बघत राहिला.
भिंतीवर जुनंच काळं होतं.