एक चाक कमी

वाल्पाराइसोच्या गोदीपाशी, तिसऱ्या मजल्यावर
ओर्तेन्सिया जहाजांच्या पावत्या लावते.
अकरा वर्षं.
साहेब तिला अजून ‘ए मुली’ म्हणतात;
चूक निघाली की मात्र
पूर्ण नाव, आडनावासकट.

त्यांचा भाचा मार्चमध्ये आला.
शिक्का कुठे मारायचा, तिनंच दाखवलं त्याला.
आता तिच्या रजेच्या अर्जावर तोच मारतो,
तोही तिरका.

बढती झालीच नाही असं नाही.
एलिसेओ निवृत्त झाला तेव्हा
त्याची खुर्ची हिला मिळाली,
एक चाक कमी, पण खिडकीजवळ.

संध्याकाळी टेकडी चढणारा जुना लाकडी डबा
करकरत तिला घराकडे वर नेतो.
दारातला म्हातारा सुटे पैसे न मोजताच घेतो
आणि म्हणतो,
पुढे सरका, बाई,
पुढे जागा आहे.