क्लॅरीची शीळ

क्लॅरीच्या स्वयंपाकघरात सिंकशेजारी रेडिओ,
घोड्यांच्या शर्यतीचे निकाल सांगणारा,
आणि बुटांच्या खोक्यात, टॉवेलच्या घडीवर
ती दोघं:
करडी, नवीकोरी, शेपट्या अजून आखूड,
गालांवर शेंदराचं बोट, फिकटसं,
आणि तुरा असा की
कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवलंय.

"सात आठवडे," क्लॅरी म्हणाला.
"आधी दर तीन तासांनी, मग चार.
लापशी पहिल्यांदा आपल्या मनगटावर.
माझ्या पोरींसाठी एकदाही उठलो नाही रात्री,
विचार त्यांना."
लोकर कातरायच्या शेडमध्ये
उजव्या हाताची अडीच बोटं गेली त्याची.
पिल्लं त्याच हातावर चढली,
बोटं नव्हती तिथे चोच घासत राहिली.
पैसे त्याने मोजले नाहीत,
किटलीखाली सारले.

चार्लव्हिल ते कनामला, दोनशे किलोमीटर.
डार्सीच्या मांडीवर खोकं,
झाकणावर दोन्ही तळवे, जणू आत उकळता चहा.
"आई, श्वास घेतायत?"
"घेतायत."
"दोघंही?"
वायांड्राच्या पुढे, बोअरच्या पाण्यावरून
रानातला थवा उठला. यांच्याच जातीचा.
शंभर असतील, दोनशे असतील,
लाल मातीवर सगळ्यांनी एकदम कूस बदलली.
मी गाडी थांबवली. काच खाली घेतली.
वरून हाका आल्या.
खोक्यात काहीच हललं नाही.
यांच्या भाषेत आई म्हणजे
प्लॅस्टिकची पिचकारी
आणि तंबाखूचा वास.

रात्री दोनला पिंजरा फडफडला.
अंधारात कशाला भ्यायली कोण जाणे,
दांडीवरून पडली, गजांवर आपटली,
एक पीस डार्सीच्या पायजम्याला चिकटलं.
मी लापशी केली. मनगटावर पाहिली.
तोंडं फिरवली दोघांनी.
माझा हात त्यांना जरा जास्तच वाटला असावा.
पाच बोटं. इतकी कशाला?

क्लॅरीने पहिल्याच घंटीला फोन उचलला.
कोण, काय, विचारलं नाही.
"लहानसा दिवा ठेव रात्रभर.
आणि फोन धर पिंजऱ्याजवळ."
मग शीळ. दोन सूर खाली, एक वर,
दातांच्या फटीतून निम्मा वाराच.
उतू चाललेलं दूध फुंकरीने बसावं
तसे तुरे बसले.
एकाने चोच करकरवली, म्हणजे झोप.

"झोपली," मी म्हटलं.
"हं."
फोन त्याने ठेवला नाही.
"राहू दे तसाच थोडा वेळ," म्हणाला.
"चारची पाळी अजून सोडली नव्हती मी.
त्यांना नको असायची, महिनाभरापासून.
पण जाग येतेच."
तिकडे खुर्ची ओढली गेली.
किटली ठेवल्याचा आवाज.
मी फोन पिंजऱ्याखालच्या कागदावर ठेवला
आणि दिवा तेवढा लावून आले.

सकाळी बॅटरी संपलेली.
पिंजऱ्यासमोर डार्सी उकिडवा,
वय सात, पुढचे दोन दात परवाच पडलेले,
गाल फुगवून फुंकतोय:
दोन खाली, एक वर, बाकी थुंकी.
एका पिल्लाने मान तिरकी केली.
दुसऱ्याने पाठ फिरवली.
त्याला अजून मान्य नाही.