मीटरचा लाल ठिपका

कूलर दिवाळीतच गोणपाटात बांधून ठेवला,
पंख्यांवर कोळ्यांनी संसार मांडला,
थंडी अशी की रांजणात हात घालण्याआधी
बोटं विचार करतात.
तरी वाढोण्यात जानेवारीचं बिल आलं
मे महिन्याचं तोंड घेऊन.
अकराशे चाळीस.

कांतानं ते दोनदा वाचलं,
मग उलटं करून पाहिलं.
मागं वीज वाचवायच्या सूचना
आणि एक हसरा बल्ब.
"आपल्या घरात चालते तरी काय?
एक फ्रिज, एक टीव्ही,
अन् तुमचं तोंड."

प्रांजल आठवीत. मीटरवरची बारीक अक्षरं
आमच्यात तिलाच दिसतात.
लाल ठिपका बत्तीसशे वेळा मिचकला
की एक युनिट झालं, म्हणाली.
"बाबा, सगळं बंद करून पाहू
अन् मोजू."

रात्री जेवणं उरकली तसं बंद करत गेलो.
फ्रिजची पिन काढली, दूध खिडकीत ठेवलं,
बाहेर आतल्याहून गार होतंच.
टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरून.
तो काळा डबा, बंद असूनही कोमट;
त्याच्यावर मांजर का झोपतं
हे सहा वर्षांनी कळलं.
मांजर उठलं, आमच्याकडे बघितलं,
आणि मायच्या गोधडीत शिरलं.
चार्जर. देव्हाऱ्यातली झिरोची माळ.
देवाला म्हटलं, दहा मिनिटं.

अंधारात तिघं मीटरपुढं उभे.
ठिपका मिचकला.
प्रांजल मोजू लागली,
आठ, नऊ, दहा, अकरा.
मिचकला.
पुन्हा अकरा.
पुन्हा.

"मंग हे काहून पयते?" कांता म्हणाली,
जसं घरात कुणी चोर शिरलाय
आणि मोजूनमापून पावलं टाकतोय.

बॅटरी घेऊन वायरीच्या मागं निघालो.
वळचणीखालून टिनावर,
टिनावरून शेवग्याला,
तिथं लुगड्याच्या काठानं दिलेली गाठ,
पक्की, बाईमाणसाच्या हातची.
शेवग्यावरून कुडाच्या पलीकडे
पंचफुलाबाईच्या अंगणात.

तिथं एक डालं पालथं.
त्याच्या विणीतून पिवळा उजेड गळत होता,
अंगणभर बारीक रेघा.
वाकून पाहिलं.
शंभरचा बल्ब, आणि त्याखाली
सांडलेल्या हळदीसारखी
तीस पिल्लं, एकमेकांत मुरलेली.

पंचफुलाबाई काठी घेऊनच बाहेर आली,
मला पाहून काठी टेकली.
"तुह्या मायनंच देल्ली ना बाप्पा वायर.
म्हने, पोराले नोको सांगू."

मी मागं वळून पाहिलं.
ओसरीत बाजेवर माय,
डोक्यावरून गोधडी,
श्वास इतका सारखा
की झोपेतल्या माणसाला जमणार नाही.

प्रांजलनं कोळशानं कुडावर लिहिलं:
शंभर वॅट, चोवीस तास,
दिवसाला दोन पॉइंट चार,
महिन्याला बहात्तर.
"म्हंजे एका पिल्लामागे
दोन पॉइंट चार युनिट."
पंचफुलाबाईनं त्या आकड्यांकडे पाहिलं,
मग पिल्लांकडे,
कोणतं जास्त खातं ते शोधत असावी.

पिन माझ्या हातात होती.
ओढली नाही. फार विचार केला असंही नाही,
हाताला ऊब लागत होती, एवढंच.

कांता घरात गेली
आणि कूलरचं गोणपाट सोडून आली.
ते डाल्यावर टाकलं दुहेरी,
खाली तुरीचं कुटार, चांगलं वीतभर.
बल्ब चाळीसचा, तोही दिवेलागणीपासून.
दिवसा ऊन आहेच की, फुकटचं.
"अन् पैशाचं?" मी हळूच विचारलं.
"पोळ्यापासून अंडे," पंचफुलाबाई म्हणाली,
आणि कांतानं माझ्याआधी मान हलवली.

पुढचं बिल सहाशे नव्वद.
स्थिर आकार तसाच, तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
प्रांजल रोज झोपताना टीव्हीची पिन काढते,
मांजर आता कायमचं मायकडे.

आणि मी, फ्रिज गप्प झाला की,
कान टोपीत घालून मीटरपुढं जातो.
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.
मिचकला.

गोधडीतून आवाज येतो,
"चालू हाय ना थे?"