आहेराची वही

डिचोलीला, ताईच्या लग्नात
वही माझ्याकडे होती.
पाकीट फोडायचं, नाव, आकडा,
नोटा बिस्किटांच्या डब्यात.

सगुण माजिकांच्या पाकिटात नोटच नव्हती.
वरचा रुपया तेवढा, डिंकाने घट्ट.
खाण बंद पडून दुसरं वर्ष,
दारात ट्रक, चाकांत गवत.

मी लिहिलं: एकशे एक.
शंभर माझे,
घड्याळाच्या पट्ट्यासाठी ठेवलेले.

काल मयेला त्याच्या मुलीचं लग्न.
बाबा मांडवाच्या तोंडाशीच म्हणाले,
‘तुझे एकशे एक आहेत हां वहीत,
विसरलो नाही.’

पंगतीत सगुण स्वतः वाढायला आला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
मणगणं घालत राहिला, घालत राहिला,
पानाबाहेर ओघळेपर्यंत.